'द फॉग ऑफ वॉर' बघताना मॅक्नमारासाठी रडू आलं, टोकियोसाठी नाही. असं का होतं?

रानजाई

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये आहे. आमच्याकडे सीटबेल्टची बकलं बनतात. मध्यंतरी कंपनीने व्यवस्थापनाचं प्रशिक्षण ठेवलं होतं, त्यात ट्रेनरने एका माहितीपटातला तुकडा दाखवला. पंच्याऐंशी वर्षांचा एक म्हातारा, केस मागे चापून बसवलेले, थेट आपल्याकडे बघून सांगतोय की फोर्डमध्ये असताना त्याने अपघातांची आकडेवारी मागवली, तर ती कोणाकडेच नव्हती. मग कॉर्नेल विद्यापीठात माणसांच्या कवट्या वेगवेगळ्या आवरणांत बांधून वसतिगृहाच्या जिन्यातून खाली टाकून बघितल्या. गाडीतला माणूस कशाकशावर आपटून मरतो याचा असा अभ्यास झाला आणि त्यातून फोर्डच्या गाड्यांत सीटबेल्ट आले. 'आकडे मिळवा, बाकी सगळं त्याच्यामागून येतं,' असं म्हणून ट्रेनरने तुकडा थांबवला.

घरी येऊन मी अख्खा चित्रपट शोधून काढला. 'द फॉग ऑफ वॉर', दिग्दर्शक एरल मॉरिस, २००३. तो म्हातारा म्हणजे रॉबर्ट मॅक्नमारा, १९६१ ते १९६८ अमेरिकेचा संरक्षणमंत्री, आधी राष्ट्राध्यक्ष केनेडींचा आणि मग जॉन्सनचा. व्हिएतनामच्या लढाईला तेव्हा अमेरिकेतच 'मॅक्नमाराचं युद्ध' म्हणायचे.

रविवारी दुपारी बाबांबरोबर बघायला बसले. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. पुण्यात कॉलेजात असताना व्हिएतनामसाठी मोर्च्यात गेलेले. १९६८ च्या नोव्हेंबरात हाच मॅक्नमारा जागतिक बँकेचा अध्यक्ष म्हणून कोलकात्याला आला, तेव्हा तिथे मोठी निदर्शनं झाली. पेपरातल्या त्या बातम्या बाबांच्या अजून लक्षात आहेत. 'तोमार नाम, आमार नाम, व्हिएतनाम' ही घोषणा त्यांना आजही म्हणता येते.

आता मूळ मुद्दा. चित्रपटात दुसऱ्या महायुद्धाचा भाग येतो. मॅक्नमारा तेव्हा हवाई दलाच्या आकडेवारी विभागात, जनरल लमे यांच्या हाताखाली. बी-२९ विमानं फार उंचावरून बॉम्ब टाकत होती, नेम लागत नव्हता. लमेने ती ५ हजार फुटांवर आणली आणि लाकडी टोकियोवर आग लावणारे बॉम्ब टाकले. ९ आणि १० मार्च १९४५ मधली एक रात्र, १ लाख नागरिक जळून मेले. मॅक्नमारा म्हणतो की ज्या यंत्रणेने एका अर्थाने ही शिफारस केली तिचा मी भाग होतो. पडद्यावर विमानातून बॉम्बऐवजी आकडे पडताना दिसतात. मग जपानी शहरांची यादी, शेजारी त्याच आकाराचं अमेरिकन शहर: टोकियो ५१ टक्के, म्हणजे न्यूयॉर्क. नागोया ४० टक्के, म्हणजे लॉस एंजेलिस. तोयामा ९९ टक्के, म्हणजे चॅटनुगा.

हे सगळं मी कोरड्या डोळ्यांनी बघितलं. आणि नुसतं कोरड्या डोळ्यांनी नाही, मला ते *समजत* होतं. फेरी किती, खर्च किती, परिणाम किती. रोज सकाळी शिफ्टचा रिपोर्ट मी ज्या नजरेने वाचते त्याच नजरेने टोकियो वाचत होते. तोयामाच्या ९९ वर माझी नजर थबकली ती 'एवढा चांगला निकाल कसा आला' म्हणून. हे लिहिताना अंगावर काटा येतोय, पण तसंच झालं.

आणि पुढे केनेडींच्या खुनानंतरचा प्रसंग. मॅक्नमारा आर्लिंग्टनच्या दफनभूमीत जागा शोधत फिरतो. तिथला एक रखवालदार सांगतो की काही आठवड्यांपूर्वी राष्ट्राध्यक्ष इथे आले होते, ही वॉशिंग्टनमधली सगळ्यात सुंदर जागा आहे असं म्हणाले होते. हे सांगताना म्हाताऱ्याचा आवाज फुटतो, डोळे भरतात. आणि मी रडायला लागले, हुंदके देऊन.

बाबांनी टीव्ही बंद केला नाही, उठून गेलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "त्या माणसाचे डोळे पुसायला तुला वाढवलं नाही मी." त्यानंतर घरात या विषयावर बोलणं बंद आहे.

इथे चित्रपट जाणणारे आणि युद्धाबद्दल वाचलेले बरेच जण आहेत म्हणून विचारते. एका माणसाच्या गळ्यातल्या आवंढ्याने मला रडवलं आणि १ लाखांनी नाही, हे दिग्दर्शकाचं काम की माझ्यातलं काही? आणि बाबांचं बरोबर आहे का?

कातळशिल्प

रानजाई, मी संकलक आहे, त्यामुळे आधी दिग्दर्शकाच्या वाट्याचं सांगतो.

मॉरिसने यासाठी स्वतःचं एक उपकरण वापरलंय, त्याला त्याने 'इंटरोट्रॉन' नाव दिलं. साध्या मुलाखतीत माणूस प्रश्न विचारणाऱ्याकडे बघतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. इथे कॅमेऱ्याच्या भिंगासमोर तिरकी काच असते आणि तिच्यावर मॉरिसचा चेहरा दिसतो. मॅक्नमारा मॉरिसच्या डोळ्यांत बघतोय, पण प्रत्यक्षात तो तुमच्या डोळ्यांत बघतोय. दीड तासाहून जास्त वेळ एखादा म्हातारा माणूस तुमच्या डोळ्यांत बघून बोलत राहिला की तो तुमच्या घरातला होतो. त्यात खाली फिलिप ग्लासचं संगीत, तेच तेच सूर थोडे बदलून फिरत राहणारं, ऐकणाऱ्याला सुटका न देणारं. आवाज फुटतो त्या क्षणी मॉरिस कट करत नाही, थांबतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही थांबलो असतो.

आता टोकियो. संपूर्ण चित्रपटात मुलाखत एकाच माणसाची आहे. एकाच. टोकियोत जळालेल्यांपैकी कोणी वाचलेलं बोलत नाही, हनोईतलं कोणी बोलत नाही, अमेरिकन सैनिकाची आईसुद्धा नाही. जे मेले ते जुन्या फितीत लांबून दिसतात किंवा आकडे होऊन पडतात. मॉरिसने हे झाकलेलं नाही. विमानातून आकडे पाडणं म्हणजे 'हा माणूस असं बघत होता' हेच तो दाखवतोय, आणि काही मिनिटं त्याने तुम्हाला त्याच खुर्चीत बसवलंय. तोयामाच्या ९९ वर तुमचं जे झालं ते व्हावं म्हणूनच ती मांडणी आहे असं मला वाटतं. बहुतेक प्रेक्षकांना ते होत असताना कळत नाही. तुम्हाला कळलं, कारण तसेच तक्ते तुम्ही रोज हाताळता.

शेवट पुन्हा बघा. मॅक्नमारा गाडी चालवतोय आणि मॉरिस विचारतो, मंत्रिपद सोडल्यावर युद्धाविरुद्ध का बोलला नाहीत? तो म्हणतो, जेवढं बोललो त्यापेक्षा जास्त बोलणार नाही. अपराधी वाटतं का? त्यालाही उत्तर नाही. केनेडींच्या थडग्याची जागा सांगताना पाझरणारा माणूस इथे दार लावून घेतो. दोन्ही जागा एकामागोमाग बघितल्यात तर बाबांशी बोलायला काहीतरी हाती लागेल.

आणि एक करा. १९७४ चा पीटर डेव्हिसचा 'हार्ट्स अँड माइंड्स' बघा. हेच युद्ध, पण त्यात व्हिएतनामी माणसं बोलतात. शक्यतो बाबांबरोबरच बघा.

अवकाळी

मी बाबांच्या बाजूने आहे आणि ते स्पष्ट लिहिते.

तो कशासाठी रडतो ते मोजा. केनेडी वारले म्हणून रडतो. जॉन्सनने निरोपाला पदक दिलं तेव्हा बोलता येईना म्हणून गहिवरतो. व्हिएतनाम सरकारने १९९५ साली जाहीर केलेला आकडा आहे, सुमारे ११ लाख लढवय्ये आणि जवळपास २० लाख नागरिक मेले. त्यांच्यासाठी त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही, मोठ्यात मोठं म्हणजे तो चुका झाल्या म्हणतो.

ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर दुसरा हल्ला झालाच नव्हता. त्या न झालेल्या हल्ल्यावर अमेरिकन संसदेने ठराव केला आणि युद्ध वाढलं. चित्रपटात तो हे मान्य करतो, पण ज्या सुरात मान्य करतो तो ऐका. एजंट ऑरेंजबद्दल, म्हणजे जंगलं उजाड करायला फवारलेल्या विषारी रसायनाबद्दल म्हणतो, मंजुरी दिल्याचं आठवत नाही. ज्या माणसाला ५० हून जास्त वर्षांपूर्वीचे टक्के तोंडपाठ आहेत त्याला हे आठवत नाही.

१९६७ च्या मे महिन्यात त्याने जॉन्सनला लेखी कळवलं होतं की हे असं चालणार नाही. म्हणजे त्याला माहीत होतं. फेब्रुवारी १९६८ च्या अखेरीस त्याने पद सोडलं आणि गप्प बसला. अमेरिकेचे जे ५८ हजार सैनिक त्या युद्धात मेले त्यातले निम्म्याहून जास्त त्याने पद सोडल्यानंतर मेले. तोंड उघडलं १९९५ मध्ये, पुस्तक लिहून. तोवर ज्यांना त्या शब्दांचा उपयोग झाला असता ते जमिनीखाली होते.

रानजाई, तुझ्या रडण्याला मी वाईट म्हणत नाही. तू रडलीस कारण तू म्हाताऱ्या माणसाचा आवाज फुटलेला ऐकू शकत नाहीस, आणि तशी माणसं जगात हवीत. पण ते पाणी त्याच्या खात्यावर जमा करू नकोस.

सह्यकडा

थोडं वेगळं. व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याचा अभ्यास करून, आणि त्यांच्या राष्ट्राध्यक्षाच्या समाधीवर 'शिवाजी महाराजांचा एक मावळा' असं कोरलेलं आहे, असं वाचलंय. चित्रपटात याचा उल्लेख आहे का?

तळटीप

सह्यकडा, नाही. तो मजकूर व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे, पण त्याला कुठलाही आधार मिळालेला नाही. महाराजांबद्दल तुमच्याइतकाच आदर मलाही आहे, आणि म्हणूनच त्यांच्या नावावर असं काही चिकटवलेलं मला सहन होत नाही.

व्हिएतनामी लोकांना स्वतःच्या इतिहासात भरपूर आहे. इसवी सन ४० च्या सुमारास चिनी सत्तेविरुद्ध उठलेल्या त्रुंग बहिणी तिथल्या पोरापोरीला माहीत असतात. १२८८ मध्ये त्रान हुंग दाओने बाख दांग नदीच्या तळात टोकदार लाकडी खुंट रोवून ठेवले. भरतीच्या पाण्यात मंगोल आरमाराला आत येऊ दिलं आणि ओहोटी लागल्यावर ती जहाजं खुंटांवर अडकवून बुडवली. त्याच नदीत हीच युक्ती त्यांनी ९३८ मध्येही केली होती.

याचा या धाग्याशी संबंध आहे. १९९५ मध्ये मॅक्नमारा हनोईला गेला तेव्हा व्हिएतनामचे माजी परराष्ट्रमंत्री न्यूएन को ताच जेवणाच्या टेबलावर त्याच्यावर भडकले. चित्रपटात तो स्वतःच सांगतो की प्रकरण हातघाईवर यायचं राहिलं होतं. ताच यांचं म्हणणं असं, तुम्ही इतिहासाचं एक पुस्तक तरी वाचलंय का? आम्ही चीनचे हस्तक असल्याचं तुम्ही धरून चाललात, आणि आम्ही चीनशी हजार वर्षं लढत आलो होतो. एवढं मोठं आकडेवारी खातं होतं, आणि हे एक वाक्य सांगणारा माणूस त्या इमारतीत नव्हता किंवा असला तर त्याचं कोणी ऐकलं नाही.

जुना फौजी

मी श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेत होतो. १९८७, जाफना. चित्रपट मुलाने लावून दिला होता, मागच्या वर्षी.

जुलैत करार झाला तेव्हा लोकांनी आमच्या गाड्यांवर फुलं टाकली. ऑक्टोबरात त्याच गल्ल्यांत तमिळ वाघांशी (एलटीटीई) लढाई. त्या भागात प्रत्येक घराला ताडाच्या झावळ्यांचं उंच कुंपण असतं, पुढच्या वळणावर काय आहे ते दिसत नाही. आमच्या हातात एसएलआर, समोरच्याच्या हातात एके-४७. रस्त्यात सुरुंग. नकाशे धड नाहीत. कंपनीत तमिळ समजणारा एकच, तो स्वयंपाकी. त्याला पुढे घेऊन आम्ही घरोघर विचारपूस करायचो. एका घरात एक वयस्कर गृहस्थ होते, शाळामास्तर असावेत. त्यांनी स्वयंपाक्याला तमिळमध्ये बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं. मी विचारलं, काय म्हणतात? तो म्हणाला, "साहेब, ते म्हणतात तुम्ही कोणाच्या बाजूने आहात ते आधी एकदा आपसात ठरवा." मला उत्तर देता आलं नाही. आजही येणार नाही.

आमचे सुमारे १२०० जवान तिथे मारले गेले. १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. तिथल्या लोकांचं काय झालं हे ते लोकच सांगतील, त्यांच्या वतीने मी बोलू नये.

मॅक्नमाराने काय सांगितलं त्यातलं एक मला पटलं. क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात केनेडींच्या खोलीत टॉमी थॉम्पसन नावाचा एक माणूस होता, तो मॉस्कोत सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या सहवासात राहिलेला. त्याने समोर केनेडींना सांगितलं की तुमचं चुकतंय, ख्रुश्चेव्हला घरी जाऊन सांगण्यासारखं काहीतरी द्या, तो माघार घेईल. त्या खोलीत शत्रूला ओळखणारा एक माणूस होता. व्हिएतनामच्या वेळी नव्हता. आमच्याकडे स्वयंपाकी होता.

रडण्याबद्दल. मी आर्लिंग्टनला नाही रडलो. मला नॉर्मन मॉरिसनच्या जागी आवरलं नाही. २ नोव्हेंबर १९६५, पेंटॅगॉनमध्ये मॅक्नमाराच्या खिडकीखाली त्याने युद्धाच्या निषेधात स्वतःला पेटवून घेतलं. बरोबर तान्ही मुलगी होती, एमिली. ती वाचली. माझी थोरली मी जाफन्यात असताना झाली. मी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती रांगत होती आणि मला बघून आईकडे पळाली. म्हणून मला तिथेच रडू आलं. कोण कुठे रडतो ते ज्याचं त्याचं असतं, ताई. तुमचे वडील रागावले कारण ते तरुणपणी त्या लोकांसाठी रस्त्यावर उतरले होते. त्यांच्या रागाचाही मान ठेवा.

रानजाई

सगळ्यांचे आभार. फौजी काका, तुमचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. शाळामास्तरांच्या वाक्याशी आल्यावर त्यांनी तो परत वाचायला सांगितला.

काल आम्ही 'हार्ट्स अँड माइंड्स' बघितला. बाबांना इंग्रजी उपशीर्षकं पटापट वाचता येत नाहीत, म्हणून मी जागोजागी थांबवून मराठीत सांगत होते. एरवी बघताना जिथे मान वळवली असती तिथेही वळवता आली नाही, कारण वाक्य माझ्या तोंडून जायचं होतं.

बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या घराच्या जागी एक बाप उभा आहे. त्याची आठ वर्षांची मुलगी मेली आणि तीन वर्षांचा मुलगा मेला. तो जमीन दाखवून सांगतो, ती इथे मेली, डुकरांना खायला घालत होती. ती गेली आणि डुकरं जिवंत आहेत. मग तो तिचा शर्ट काढतो आणि कॅमेरावाल्याला म्हणतो, माझ्या मुलीचा हा सुंदर शर्ट तुम्हाला देतो, अमेरिकेला घेऊन जा, निक्सनच्या तोंडावर फेका, सांगा त्याला की ती शाळेत जाणारी एक लहान पोर होती. 'डुकरं जिवंत आहेत' हे मला बाबांना सांगायचं होतं. सांगितलं. बाबा म्हणाले, पुढे चल.

त्या युद्धात अमेरिकन सैन्याचा सेनापती असलेला वेस्टमोरलंड त्यात म्हणतो की पौर्वात्य माणसाला पाश्चात्त्यांइतकी जिवाची किंमत नसते, तिकडे आयुष्य स्वस्त आहे. याच्या अगदी आधी दक्षिण व्हिएतनामच्या एका सैनिकाचा अंत्यविधी दाखवलाय. एक मुलगा फोटोला कवटाळून ओरडून रडतोय आणि एक बाई खड्ड्यात उतरायला बघतेय, तिला माणसं ओढून मागे घेतायत. कातळशिल्प, तुम्ही म्हणालात ते इथे समजलं. मॉरिसने मला मॅक्नमाराच्या खुर्चीत बसवलं होतं, डेव्हिसने त्या खड्ड्याच्या कडेला उभं केलं. तरी एक सांगते, वेस्टमोरलंडचं वाक्य ज्या जागी जोडलंय ते बघून मला जरा अस्वस्थ वाटलं. आता मी कुठे संतापायचं तेही मला ठरवून दिलंय असं वाटलं. बाबा म्हणाले, "तो बोललाय ना ते? मग जिथे जोडायला हवं तिथेच जोडलंय."

पण मला सांगायचंय ते वेगळंच. बाबा कशाने रडले, तर रँडी फ्लॉइडने. हा अमेरिकन वैमानिक, ओक्लाहोमाचा, ९८ मोहिमा उडवलेला. आधी तो सांगतो की वरून काही दिसत नाही, रक्त नाही, आवाज नाही, आपण एक तांत्रिक काम चोख करत असतो आणि ते जमल्याचा अभिमान असतो. हे ऐकताना माझ्या पोटात गोळा आला, कारण हा माझ्या कामाचा सूर आहे. मग बोलता बोलता तो म्हणतो, आता मी माझ्या मुलांकडे बघतो, कोणी त्यांच्यावर नापामचे आगबॉम्ब टाकले तर... आणि त्याला पुढे बोलता येत नाही. बराच वेळ. बाबांनी चष्मा काढला.

मी थोड्या वेळाने विचारलं, "बाबा, हाही बॉम्बच टाकत होता की. मग याचे डोळे पुसायचे का?" भांडायला नाही विचारलं, मला खरंच हवं होतं उत्तर. ते म्हणाले, "हा स्वतःच्या हाताने काय केलं ते बोलतोय, आणि ते स्वतःच्या पोरांवर आणून बघतोय. तुझा तो, यंत्रणा होती आणि मी तिचा भाग होतो, असं बोलतो. रडला तो मित्राच्या थडग्यावर. त्यात वाईट काही नाही, मित्रासाठी माणसाने रडावंच. पण ज्यांना मारलं त्यांचं काय, हे विचारलं की गाडी चालवत राहतो."

मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. मॅक्नमाराच चित्रपटात सांगतो की लमे म्हणाला होता, आपण हरलो असतो तर आपल्यावर युद्धगुन्हेगार म्हणून खटले चालले असते. आणि त्यावर मॅक्नमारा स्वतः विचारतो की हरल्यावर जे अनैतिक असतं ते जिंकल्यावर अनैतिक का नसतं. हे विचारायला पंच्याऐंशीव्या वर्षी त्याला कोणी भाग पाडलं नव्हतं. अवकाळी, खूप उशिरा विचारलं हे तुझं म्हणणं मान्य. उशिरा विचारलेलं माझ्यासारखीच्या कामी आलं, एवढंच म्हणते. बाबांचं आणि माझं यावर जेवतानाही चालू होतं. बोलणं सुरू झालंय.

आणि एक ठरवलंय. आमच्या प्रशिक्षणाची पुढची बॅच या महिन्याअखेर आहे. मी ट्रेनरना मेल केलाय की फोर्डचा तुकडा दाखवणार असाल तर त्याच्या आधीचा टोकियोचा भागही दाखवा, दोन्ही एकत्र. तोच माणूस, तीच पद्धत, आकडे मागवायची तीच शिस्त. कवट्या जिन्यातून टाकून बघितल्या आणि लोक वाचले. विमानं ५ हजार फुटांवर आणून बघितली आणि टोकियो जळलं. आमच्या लाइनवरच्या मुलामुलींना दोन्ही कळायला हवं, बाविशी-तेविशीची आहेत ती.

अवकाळी

मेलचं चांगलं केलंस. पण ट्रेनर 'वेळ नाही' म्हणेल, तयारीत राहा. दोन्ही भाग मिळून वीस मिनिटांच्या आत बसतील असे काढून ठेव, म्हणजे ती सबब चालणार नाही. तुझ्या उशिराच्या मुद्द्यावर मी अजून तुझ्याशी सहमत नाही. बाबांना माझा नमस्कार सांग.

जुना फौजी

दाखवाल तेव्हा शहरांच्या यादीवर थांबवा आणि चॅटनुगाच्या जागी चाकण म्हणून बघा. पोरं आपोआप बोलायला लागतील.

रानजाई

काका, तसंच करते. ट्रेनरचं उत्तर आलंय, 'विषयाला सोडून होईल' म्हणतात. सोमवारी जाऊन समोरासमोर बोलणार आहे. दोन्ही भाग काढून ठेवलेत, सतरा मिनिटं होतात.